आधी आठवडा मोजा, मग पुस्तके निवडा: घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी

अभ्यासक्रमांची तुलना सुरू करण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर घरातला कुठलाही एक साधा मंगळवार लिहून काढा. कोण किती वाजता उठतो, स्वयंपाक आणि इतर घरकाम कधी होते, कुणाच्या कामाचे फोन कधी असतात, धाकटे मूल कधी झोपते. आता त्यात अशी वेळ शोधा, जेव्हा एक मोठा माणूस दुसरे काहीही न करता मुलाशेजारी बसू शकेल. बऱ्याच घरांत ही वेळ दीड ते अडीच तास निघते. अभ्यासक्रम निवडताना याच आकड्याला सर्वांत जास्त महत्त्व द्यावे.

कारण सोपे आहे. समजा, अभ्यासक्रमाचा एखादा तयार संच रोज पाच विषयांना प्रत्येकी ४५ मिनिटे मोठ्या माणसाने शिकवावे असे गृहीत धरतो. एका मुलाचे पावणेचार तास झाले, दोन मुलांचे साडेसात. तुमच्याकडे अडीच तास असतील तर तो संच कितीही उत्तम असला तरी सहाव्या आठवड्यात बंद पडणार. मग दोष मुलाच्या आळसाला किंवा स्वतःच्या शिस्तीला दिला जातो. खरी चूक भागाकाराची असते.

सर्वांत आधी कायदा आणि परीक्षा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळू नका. घरी शिकवण्याबाबतचे नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी नुसते कळवावे लागते, काही ठिकाणी दरवर्षी मूल्यमापन दाखवावे लागते. जर्मनीत तर मुलाने शाळेत जाणेच बंधनकारक आहे आणि त्याला सूट अगदी क्वचित मिळते. मुलाला शाळेतून काढण्याआधी आपल्या जागेचा नियम मूळ सरकारी मजकुरातून वाचा. शाळेशी होणारा सगळा व्यवहार लेखी ठेवा आणि दाखला, गुणपत्रके, जन्मदाखला यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावा.

मूल बारा वर्षांच्या पुढचे असेल तर शेवटापासून मागे मोजा. कोणती परीक्षा द्यायची, ती खासगी परीक्षार्थी म्हणून देता येते का, प्रात्यक्षिकाचे किंवा प्रकल्पाचे गुण शाळेकडूनच यावे लागतात का, नावनोंदणीची मुदत कधी संपते? प्रात्यक्षिकाच्या प्रश्नावर बरेच जण अडकतात. केंब्रिज आयजीसीएसई या साधारण दहावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या विज्ञान विषयांत प्रात्यक्षिक परीक्षेऐवजी लेखी पर्याय असलेली प्रश्नपत्रिका असते, म्हणून खासगी परीक्षार्थींना ती वाट सोयीची पडते. प्रत्येक मंडळात अशी सोय असेलच असे नाही. परीक्षेचे नाव ठरल्याशिवाय नववीच्या पुढचे एकही पुस्तक विकत घेऊ नका. लहान मुलांसाठी मात्र हा प्रश्न खुशाल बाजूला ठेवा.

पद्धतींची नावे आणि त्या घरात काय मागतात

पद्धतीचे तत्त्वज्ञान वाचायला छान वाटते. पण ती पद्धत पालकाकडून रोज काय मागते, हे बघितले पाहिजे.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मूल साहित्य हाताळून शिकते आणि त्याला सुमारे तीन तासांचा सलग, न तोडलेला वेळ लागतो. घरात त्यासाठी जागा लागते, साहित्य लागते आणि रोज संध्याकाळी ते जागेवर लावणारा माणूसही लागतो. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांची पद्धत छोट्या पाठांची आहे: चांगला मजकूर एकदाच वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. साहित्य जवळजवळ लागत नाही, पण पालकाला मोठ्याने वाचायची आणि शांतपणे ऐकायची सवय हवी. वॉल्डॉर्फ पद्धत १९१९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या शाळेतून सुरू झाली. तिच्यात सकाळचा मोठा तास तीन-चार आठवडे एकाच विषयाला दिला जातो. चित्र, हस्तकला आणि गोष्ट सांगण्यावर भर असल्यामुळे तयारी पालकाला आदल्या रात्री करावी लागते. अमेरिकन लेखक जॉन होल्ट यांनी मांडलेल्या अनस्कूलिंगमध्ये ठरलेला अभ्यासक्रमच नसतो. ‘म्हणजे काम कमी’ असा गैरसमज इथे होतो. उलट मुलाच्या प्रश्नांमागे धावायला, माणसे आणि जागा गाठून द्यायला आणि नोंदी ठेवायला इतर पद्धतींपेक्षा जास्त वेळ जातो.

राहिले तयार संच आणि ऑनलाइन वर्ग. पहिल्या वर्षी तयार संच घेण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त तो शंभर टक्के पूर्ण करायचा हट्ट नको. ऑनलाइन धड्यांबाबत एक इशारा: व्हिडिओ बघितला म्हणजे शिकणे झाले असे नसते. प्रत्येक व्हिडिओनंतर वही उघडून पाच प्रश्न सोडवले गेले आणि ते कुणीतरी तपासले, तरच तो तास धरावा.

एकाच पद्धतीशी लग्न लावायची गरज नाही. भाषा एका पद्धतीने आणि विज्ञान दुसऱ्या पद्धतीने चालते. मात्र गणिताचे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी चालवू नका. दोघांचा क्रम वेगळा असतो, आणि मुलाला दोन्हीकडून अर्धवट मिळते.

गणित: पातळी ठरवणे हेच अर्धे काम

गणिताचे पुस्तक वयावरून किंवा इयत्तेवरून घेऊ नका. निवडलेल्या मालिकेतल्या मागच्या इयत्तेची वर्षअखेरीची चाचणी मिळवा. ती दोन दिवसांत विभागून, वेळेची मर्यादा न घालता आणि मदत न करता सोडवायला द्या. ८० टक्क्यांच्या वर आले तर पुढच्या पुस्तकापासून सुरुवात करा. ६० ते ८० मध्ये असेल तर ज्या घटकांत चुका झाल्या तेवढेच आधी करून घ्या, त्याला साधारण तीन ते पाच आठवडे जातात. ६० च्या खाली असेल तर आणखी एक इयत्ता खाली जाऊन तिथली चाचणी द्या. पुस्तकावरचा इयत्तेचा आकडा कागद चिकटवून झाका. नऊ वर्षांच्या मुलाला ‘दुसरीचे पुस्तक’ दिसले तर पहिला आठवडा रुसव्यात जातो.

चाचणीबरोबर तोंडी तपासणीही करा. एकअंकी बेरजा आणि वजाबाक्या पुढे-मागे करून २० विचारा. प्रत्येक उत्तर साधारण तीन सेकंदांत यायला हवे. बोटे मोजत असेल तर त्याला ‘येत नाही’ असे म्हणू नका, पण हातच्याची बेरीज आणि भागाकार सुरू करण्याआधी रोज पाच मिनिटे याच सरावाला द्या. मोठ्या भागाकारात रडणारी मुले पाहिली तर बहुतेकांना भागाकाराची पायरी कळलेली असते, अडतात ती पाढ्यांत आणि वजाबाकीत.

गणिताची पुस्तके ढोबळपणे दोन जातींची असतात. काही एक घटक हातात घेऊन तो तडीस नेतात: दोन महिने फक्त अपूर्णांक. काही चक्राकार जातात: रोज थोडे नवे आणि मागच्या दहा घटकांची मिसळ. पहिल्या जातीत जून-जुलैत केलेली वजाबाकी डिसेंबरात विसरलेली असते, म्हणून पाठाच्या सुरुवातीला मागची पाच मिश्र गणिते तुम्हीच घालायची. दुसऱ्या जातीत रोज तीस तीस गणिते येतात आणि मूल कंटाळते. तिथे उजळणीतली विषम क्रमांकांचीच सोडवून घ्या, नव्या घटकाची मात्र सगळी. गोंधळून जाणाऱ्या मुलाला पहिली जात मानवते, पटकन विसरणाऱ्याला दुसरी.

नवी संकल्पना नेहमी वस्तू, मग चित्र, मग अंक या क्रमाने द्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या या विचारावर सिंगापूरची गणित शिकवण्याची पद्धत उभी आहे. ४३ वजा १७ घ्या. काड्यांच्या दहा-दहाच्या चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या ठेवा. सात सुट्या काढता येत नाहीत हे मुलाला स्वतः दिसू द्या. मग एक जुडी सोडा: आता तीन जुड्या, १३ सुट्या. एक जुडी आणि सात काड्या काढल्या की उरतात दोन जुड्या आणि सहा. असे पाच-सहा वेळा झाल्यावर तेच चौकोन आणि ठिपके काढून, आणि त्यानंतरच उभी मांडणी. उभ्या मांडणीपासून सुरू केलेले मूल वर ३ आणि खाली ७ दिसले की सरळ ७ मधून ३ वजा करते. ही चूक दिसली की कागद बाजूला ठेवून पुन्हा काड्यांकडे या. आणखी वीस उदाहरणे दिल्याने ती फक्त पक्की होते.

रोजचा नियम असा ठेवा. दहापैकी आठ बरोबर आली तर पुढे जा. सात आली तर उद्या त्याच घटकाची चार गणिते आणि मग पुढे. सहा किंवा कमी आली तर उद्या तोच पाठ, पण वेगळ्या साधनाने. वही त्याच दिवशी तपासली गेली पाहिजे. आठवडाभराने तपासलेल्या वहीत एकच चूक चाळीस वेळा झालेली सापडते.

वाचन आणि लेखन

मराठी वाचनाची सुरुवात सगळी मुळाक्षरे पाठ करून करायची सक्ती नाही. म, न, क, ल आणि काना एवढ्यावरच मन, कमल, नकल, नाक, कान, लाल, मामा, कमान, मालक हे शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात मूल खरे शब्द वाचते आणि त्याला गंमत वाटते. मग दर आठवड्याला तीन-चार अक्षरे आणि एखादी स्वरखूण वाढवत जा. पहिल्या वेलांटीला जास्त वेळ द्या, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. जोडाक्षरे सगळ्यांत शेवटी. त्यातही ‘र’ची चार रूपे एकदम काढू नका. सूर्यमधला रफार, चक्रमधली तिरपी रेघ, राष्ट्रमधली खालची खूण आणि वाऱ्यामधला अर्धा र, प्रत्येकाला स्वतंत्र आठवडा द्या.

वाचता येणाऱ्या मुलासाठी पुस्तक बेताचे आहे का, हे शंभर शब्दांत कळते. मोठ्याने वाचायला सांगा आणि चुकलेले शब्द मोजा. एक-दोन चुकले तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचावे. पाचच्या आसपास चुकले तर तुमच्या शेजारी बसून. दहा किंवा जास्त चुकले तर ते तुम्ही वाचून दाखवायचे. अवघड पुस्तक हिसकावून घेऊ नका, ते कानांसाठी ठेवा. कानांची समज डोळ्यांच्या बरीच पुढे असते.

ऐकलेला मजकूर परत सांगणे हा आकलनाचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा व्यायाम आहे. एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, ‘काय झाले सांग’ एवढेच विचारा. मध्ये दुरुस्त करू नका. काही आठवतच नसेल तर मजकूर लांब झाला, उद्या निम्मा वाचा. साधारण दहाव्या वर्षापर्यंत हे तोंडीच चालू द्या, मग आठवड्यातून एकदा लेखी. लिहिण्याचा कंटाळा आणि विषयाचा कंटाळा या वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासात ‘ढ’ वाटणारे मूल तोंडी उत्तरे घेतली की धडाधड बोलते, असा अनुभव येणारच. हाताचे काम श्रुतलेखनासाठी राखून ठेवा: आधी बघून ठेवलेली चार-पाच वाक्ये, आठवड्यातून दोनदा.

बाकीचे विषय: पाळीने

विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला, संगीत यांना रोजचे वेळापत्रक लावले की ते हमखास मोडते. शुक्रवारी चित्रकला ठेवली आणि सलग तीन शुक्रवार पाहुणे आले की चित्रकला महिनाभर गायब. त्याऐवजी पाच विषयांची यादी करा आणि रोज ४० मिनिटांची एकच जागा ठेवा. आज इतिहास झाला तर पुढच्या वेळी यादीतला पुढचा विषय, मग तो दिवस कोणताही असो. काही बुडत नाही, फक्त पुढे सरकते. विज्ञानाच्या प्रयोगाचे साहित्य आदल्या दिवशी काढून ठेवा. ऐनवेळी मेणबत्ती सापडत नाही आणि तास शोधाशोधीत जातो. या विषयांत दोन-तीन वर्षांचे अंतर असलेली भावंडे एकत्र बसू शकतात: वाचन एकच, धाकट्याने चित्र काढायचे, मोठ्याने अर्धे पान लिहायचे.

वर्षाचा हिशेब

सहा आठवडे काम आणि सातवा मोकळा, अशी सहा आवर्तने घेतली की ३६ आठवड्यांचा अभ्यास ४२ आठवड्यांत बसतो. उरलेले दहा आठवडे मोठी सुट्टी, आजारपण, प्रवास. सातव्या आठवड्यात वह्या तपासणे, कपाट आवरणे, दातांच्या डॉक्टरकडे जाणे, पुढच्या सहा आठवड्यांची पुस्तके काढणे. अभ्यास आठवड्यातून चारच दिवस धरा: ३६ गुणिले ४ म्हणजे १४४ दिवस. गणिताच्या पुस्तकात १३० पाठ असतील तर १४ दिवस हातात राहतात. पाचवा दिवस राहिलेले काम, ग्रंथालय आणि बाहेर जाण्यासाठी.

नियोजनाच्या वहीत तारखा घालू नका, पाठांना क्रमांक द्या. तारखा घातलेली वही पहिल्या तापातच ‘मागे पडते’, आणि मग प्रत्येक पान खोडताना अपराधी वाटत राहते.

वर्षभराची सगळी पुस्तके एकदम घेऊ नका. आधी नमुना पाठ छापून तीन आठवडे चालवून बघा. पहिला आठवडा नव्याच्या नवलाईत जातो, तिसऱ्या आठवड्यात खरे कळते. किंमत बघताना शिक्षक-पुस्तिका, उत्तरसूची, साहित्य आणि लिहून संपणारी वर्कबुके सगळे एकत्र मोजा. धाकट्या भावंडासाठी परत वापरता येणारे पाठ्यपुस्तक आणि वेगळी वही, हे बहुतेकदा स्वस्त पडते.

एक दिवस कसा चालतो

शाळेचे सहा तास घरात आणायचे नाहीत. तिथला बराच वेळ हजेरी, रांगा, वर्गबदल आणि इतर मुलांसाठी थांबणे यात जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाला बसून करायचा अभ्यास तास-दीड तास पुरतो, नऊ-दहाच्या मुलाला दोन ते तीन तास, बारा-तेराच्या मुलाला तीन ते चार. एका बैठकीची लांबी लहानांना १० ते २० मिनिटे, मधल्यांना २० ते ३०, मोठ्यांना ३० ते ४५.

घड्याळाला बांधण्याऐवजी दिवसातल्या ठरलेल्या घटनांना बांधा. न्याहारी झाली की गणित. जेवणाआधी वाचून दाखवणे. दुपारी एकट्याचे वाचन. घरातले घड्याळ रोज हलते, हा क्रम सहसा हलत नाही.

दोन-तीन मुले असतील तर कामाचे दोन भाग करा: तुमच्यासोबत करायचे आणि एकट्याने करायचे. समजा नऊ आणि सहा वर्षांची भावंडे आणि दोन वर्षांचे तान्हे आहे. सर्वांत आधी पंधरा मिनिटे तान्ह्याला द्या, पुस्तक वाचा, खेळा. हे उलटे वाटते, पण ज्याचे पोट लक्ष देऊन भरले आहे ते नंतर अर्धा तास एकटे खेळते. मग धाकट्याचे गणित २० मिनिटे, तेव्हा मोठ्याचे एकट्याचे वाचन. मग मोठ्याचे गणित ३० मिनिटे, तेव्हा धाकट्याचे चित्र किंवा ठोकळे. मग दोघांना एकत्र वाचून दाखवणे. तान्हे झोपले की मोठ्याचे लेखन. तुमचा वेळ झाला पावणेदोन-दोन तास. तान्ह्यासाठी काही खेळणी वेगळ्या डब्यात ठेवा आणि तो डबा फक्त अभ्यासाच्या वेळीच उघडा.

नोकरी करणाऱ्या पालकांनी मुलासोबत बसून करायचे काम दोन तुकड्यांत करावे: गणित आणि वाचन सकाळी ४५ मिनिटे, बाकीचे संध्याकाळी. रात्रीच्या जेवणानंतर नवे गणित शिकवू नका. दोघेही थकलेले असता आणि भांडण ठरलेले.

मूल नकार देते तेव्हा

आधी भूक आणि झोप तपासा. मग पातळी: दोन पायऱ्या सोपे काम द्या, ते आनंदाने केले तर मूळ काम जड होते. सोपे देऊनही कंटाळा असेल तर उलट शक्यता तपासा, पुढच्या घटकाची चाचणी द्या. कदाचित त्याला ते आधीच येते. तिसरी शक्यता लिहिण्याची. तोंडी घेऊन बघा. या तिन्हीत काही निघाले नाही तरच पुस्तक बदलण्याचा विचार करा. वर्षात एका विषयाचे पुस्तक एकदाच बदला. दर दोन महिन्यांनी उडी मारणाऱ्या मुलांच्या गणितात मोठी भोके राहतात, कारण प्रत्येक मालिका सुरुवातीची पंचवीस पाने उजळणीत घालवते.

एखाद्या पाठावर २० मिनिटे अडकलात आणि आवाज चढायला लागला तर तिथेच थांबा. एक येणारे गणित सोडवून वही मिटा. नुकतेच शाळेतून काढलेले मूल पहिले काही आठवडे काहीच करायला तयार नसते. शाळेतल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना सैल सोडावा, असा एक अंदाज या वर्तुळात सांगितला जातो. तो शास्त्रीय आकडा नाही, पण घाईला लगाम म्हणून उपयोगी आहे. या काळात वाचून दाखवणे आणि बाहेर जाणे तेवढे चालू ठेवा. आठवड्यातून दोन वेळा तरी इतर मुलांसोबत ठरलेले काही असू द्या, खेळ किंवा वर्ग. ‘जमेल तसे भेटू’ म्हटले की जमत नाही.

नोंदी

रोज प्रत्येक मुलासाठी एक ओळ पुरते: तारीख, काय झाले, कुठे अडले. शुक्रवारी दहा मिनिटे काढून पुस्तकांची यादी भरा आणि मोठ्या कामांचे फोटो घ्या. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात. प्रत्येक विषयाचे वर्षारंभीचे, मध्याचे आणि अखेरचे असे तीन नमुने ठेवा, चुकांसकट. सुबक करून घेतलेल्या पानावरून प्रगती दिसत नाही.

पुढे मुलाला शाळेत परत घालायची वेळ आली तर हीच फाइल उपयोगी पडते. शाळा बहुधा स्वतःची प्रवेशचाचणी घेते, म्हणून दोन-तीन महिने आधी त्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांची अनुक्रमणिका मिळवा आणि आपल्या नोंदींशी ताडून बघा. न झालेले घटक गणितात आणि भाषेच्या व्याकरणात सापडतात, तेवढेच भरून काढा. त्याबरोबर ठरलेल्या वेळेत प्रश्नपत्रिका सोडवायचा सराव द्या, कारण घरी शिकलेल्या मुलांना तीच गोष्ट नवी असते.